व्हॉल्व्ह तापेपर्यंत

चैत्र लागला की माळव्यात हवेलाच कुसळं फुटतात. मळणी शेतात होते आणि शिंका शहरात येतात. मी अजून वर्षाचा गहू भरते. सून हसते, "आई, आटा घरपोच मिळतो," म्हणते, आणि मी तिकडे काणाडोळा करून हॉलच्या मधोमध चादर पसरते. यंदा त्या चादरीशेजारी माझ्या मुलानं, निखिलनं, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणून मांडले. एक व्हॉल्व्हचा, काचेच्या नळ्या डोक्यावर मिरवणारा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, नुसता चपटा काळा डबा. दुकानदारानं दोन्ही घरी ऐकून बघायला दिले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा.

"आई, आंखें बंद कर आणि सच्ची सांग, कोणता जास्त मीठा वाटतो," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. त्यानं आधी व्हॉल्व्हचा लावला. बटण खट्ट वाजलं, मग काहीच नाही, मग तारेतून आल्यासारखी बारीक घुंघुं. गाणं सुरू व्हायच्या आत मी उठले होते, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला होता आणि मागच्या बाल्कनीच्या दाराची कडी काढत होते.

"कुठे चाललीस? अभी तो चालू भी नहीं हुआ," निखिल मागून म्हणाला. मला माझंच हसू आलं. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मी पळून जाणार तरी कुठे होते? राग त्यानंतर आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मी शाळेत होते तेव्हा आम्ही छत्रीबागेत राहायचो. भाड्याचं घर, मागचं दार खान नदीकडे उतरणाऱ्या बोळात उघडायचं. घराघरांत भिंत सामाईक, त्यामुळे शेजारच्या मांगीबाईंनी डाळीला फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. आजोबा होळकरांच्या फौजेत होते. बाबांच्या वाट्याला फौज आली नाही, कचेरी आली. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, ग्वाल्हेरचे, रीव्याचे, महाकोशलचे सगळे कारकून एकत्र मोजले गेले आणि त्यात बाबा जे मागे पडले ते मागेच राहिले. बढतीचे हुकूम निघायचे मार्च-एप्रिलात, म्हणजे ऐन गहू भरायच्या आणि आमच्या परीक्षांच्या दिवसांत. दरवर्षी त्यात बाबांचं नाव नसायचं. हे मी त्यांची बाजू म्हणून सांगत नाही. मागे पडलेले पुष्कळ होते, आणि त्या सगळ्यांच्या बायकांचे दंड काही काळेनिळे नव्हते.

बाबांना गाण्याचा कान होता, असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं. महाराणी रोडवरच्या एका मिस्त्रीकडून त्यांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतला होता. सागवानी पेटी, मागे जाळी, आणि जाळीतून दिसणारे निखाऱ्याच्या रंगाचे दिवे. तापला की त्याला धुळीचा आणि वार्निशचा वास सुटायचा. दर रविवारी दुपारी बाबांचे मित्र रेकॉर्डी ऐकायला यायचे. त्यांत पुढे असायचे वकीलकाका, अंगानं भरलेले, पान खाणारे, दर हरकतीला मांडीवर थाप मारणारे. मारव्याचा रिषभ नीट लागला की बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आतल्या दारातून बघायचे. खोटं नसायचं ते पाणी, आणि मला राग येतो तो त्याचाच.

आता त्यांची मारायची रीत सांगते. बाबा आरडाओरडा करून मारणाऱ्यांतले नव्हते. गल्लीत त्यांचं नाव होतं, "साहेब किती धीमे बोलतात" असं लोक कौतुकानं म्हणायचे. ते नाव त्यांना जपायचं होतं. संध्याकाळी सायकल आत घ्यायची, हातपाय धुवायचे, बैठकीच्या खोलीत जायचं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबायचं. नंतर ते खुर्चीत बसले तर त्यांना गाणं ऐकायचं असे. उभे राहिले तर मारायचं असे. मार गाण्याच्या आवाजात बुडावा, भिंतीपलीकडे काही ऐकू जाऊ नये, म्हणून ते व्हॉल्व्ह तापायची वाट बघत हाताची घडी घालून उभे राहायचे. कारण काहीही पुरायचं. वरणात मीठ जास्त, शर्टाचं बटण तुटलेलं, भोपाळहून आलेला कागद किंवा न आलेला कागद.

ते वाट बघायचे आणि आई कामाला लागायची. तेवढा अर्धाएक मिनिटाचा वेळ तिचा होता. आधी शेगडीवरचं भांडं खाली, कारण एकदा उकळती डाळ तिच्या पावलावर उलटली होती. मग माझ्या पाठीवर हात, की मी धाकट्या बाळूला उचलून मागच्या दारानं बोळात पळायचं. मग ती हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवायची आणि मिठाच्या बरणीमागे ठेवायची. त्यासाठी ती बांगड्या मुद्दाम सैल भरायची. कासार म्हणायचा, "बाई, एवढ्या सैल कशाला, निसटून फुटतील." ती नुसती हसायची. मग पदर खोचून गव्हाची कोठी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात पाठ लावून बसायची, गुडघे पोटाशी, दंड तोंडावर. म्हणजे मार दंडांवर आणि नडग्यांवर जायचा, पाठ आणि तोंड वाचायचं. मार खायचीही तयारी लागते. आणि तयारीला वेळ लागतो, तो तिला त्या काचेच्या नळ्या द्यायच्या.

उन्हाळ्यात तर जरा जास्तच द्यायच्या. दिवस तापले की घरोघरी पंखे फिरायचे, व्होल्टेज पडायचं, दिवे पिवळे व्हायचे आणि व्हॉल्व्ह तापता तापत नसत. बाबा पेटीवर थापा मारायचे. एकदा मी बोळात पोचून, बाळूला मांगीबाईंच्या गोठ्यात बसवून, परत दाराशी आले तरी गाणं सुरू झालेलं नव्हतं. आईनं मला डोळ्यांनीच हाकललं. व्होल्टेज पडलं की ती देवापुढं उदबत्ती लावायची. बाबांना वाटायचं, वीज नीट यावी म्हणून लावते.

मारून झालं की बाबा बसायचे आणि रेकॉर्डची उरलेली बाजू पूर्ण ऐकायचे. मधेच उठून गाणं तोडणं त्यांना आवडत नसे. मग म्हणायचे, "चाय ठेव."

एका वर्षी चैत्रातच ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरची बोलणी निघाली. वकीलकाकांनी मुंबईत कुणाकडे तरी ऐकला होता. रविवारभर तेच. एक म्हणाला, व्हॉल्व्हचा आवाज गोल असतो, ट्रान्झिस्टरचा कोरडा. दुसरा म्हणाला, गोल कसला, झाकलेला म्हणा, ट्रान्झिस्टरमध्ये तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या मोजता येतात. निखिल आणि त्याचे मित्र परवा हॉलमध्ये बसून हेच सगळं इंग्रजीत बोलत होते, फक्त पान नव्हतं. वकीलकाका म्हणाले, "आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भिया, थांबायचं काम नाही. बटण दाबलं की आवाज हाजिर."

मी आत आईजवळ कोथिंबीर निवडत होते. तिचा हात थांबला. मग तिनं एक गोष्ट केली जी तिनं आमच्या देखत कधी केली नव्हती. पदर सावरून ती पुरुषांच्या बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "व्हॉल्व्हवालाच राहू द्या. तोच बरा आहे."

वकीलकाकांनी मांडीवर थाप मारली. "वा, वहिनी. अहो, तुमच्या घरात तर खरा कान आत चुलीपाशी बसलाय. ह्याला म्हणतात जाण." दुसऱ्यानं मान डोलावली, म्हणाला, बायकांना गोडवा बरोबर कळतो. बाबाही हसले, चारचौघांत हसायचे तसे. आई परत येऊन कोथिंबीर निवडू लागली. इतकी वर्षं गाणं ऐकलेली ती शहाणी माणसं, त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की हिला रागदारीतलं ओ की ठो कळत नाही, मग ही नेमकं काय मागतेय? त्यांचे कान फार तयार होते आणि त्यांना फक्त सूर ऐकू यायचा.

बायकोच्या कानावर घर चालत नसतं, हे दाखवायला असेल किंवा वकीलकाकांच्या आधी घ्यायचा म्हणून असेल, पुढच्याच आठवड्यात ट्रान्झिस्टरचा आला. व्हॉल्व्हची पेटी माळ्यावर गेली.

त्या दिवशी गहू बैठकीच्या खोलीत ओतलेला होता, कारण पसरायला तेवढी एकच खोली मोठी. आई चादरीवर बसून चाळत होती. मी एका कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक घेऊन, बाळू गव्हात हात घालून खेळत. सूर्य अजून मावळला नव्हता. बाबा आले, हातपाय न धुता सरळ खोलीत आले, त्यांच्या हातात भोपाळचा कागद होता. त्यांनी बटण दाबलं.

खोलीत माणूस घुसावा तसं गाणं आलं. एकदम, पूर्ण आवाजात. आईनं मान वर केली तेवढीच. चाळणी तिच्या हातात होती, बांगड्या तिच्या हातात होत्या, मुलं तिच्यासमोर होती. पहिला फटका कानशिलावर बसला आणि ती गव्हात आडवी झाली. मग बाबांनी केस धरून तिला उठवलं आणि कोठीवर आपटलं. तिनं हात तोंडावर घेतले तर त्यांनी मनगटं पकडून पिरगाळली, आणि सगळ्या बांगड्या एका वेळी गेल्या. काच तिच्या मनगटात शिरली. रक्त गव्हावर पडत होतं आणि गव्हात मुरत होतं. बाबा दमेपर्यंत लाथा घालत राहिले. बाळूनं हे कधी बघितलं नव्हतं, त्याला मी नेहमी उचलून न्यायचे. तो तिथंच चादरीवर मुतला, पण रडला नाही. मी त्याचे डोळे झाकले, आणि माझे उघडे ठेवले, कारण माझ्याकडे दोनच हात होते. वर गाणारी बाई द्रुतात शिरली होती, आणि तंबोऱ्याच्या तारा खरोखरच वेगळ्या मोजता येत होत्या.

मग बाबा बसले आणि ती बाजू पूर्ण ऐकली.

आमच्या गल्लीत गहू एकटीनं निवडायची पद्धत नव्हती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या आपापली सुपं घेऊन जमायच्या आणि ज्या घरचा गहू त्या घरची बाई चहा करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची पाळी होती आणि पाळी कुणी पुढे ढकलत नसे. आईनं सकाळी दिसेल तेवढी काच झाडली, चादर धुतली, मनगटावर जुन्या धोतराची चिंधी बांधली. बायका आल्या. मराठी होत्या, माळवी होत्या, नेहमीसारख्या गोल बसल्या. सुपांचा फटक-फटक आवाज सुरू झाला.

पहिला तुकडा मांगीबाईंना सापडला. त्या आमच्या सामाईक भिंतीपलीकडच्या. उंच, हाडाच्या, दोन गाई एकटीनं सांभाळणाऱ्या. त्यांनी तो हिरवा तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, आणि खड्यांसाठी पसरलेल्या कागदावर ठेवला. मग दुसरीला एक मिळाला. मग सगळ्यांनाच मिळू लागले. गव्हातून खडे काढावेत तशा त्या आईच्या बांगड्या निवडत होत्या. कागदावर हिरवा ढीग वाढत गेला. मधूनच एखादा दाणा काळपट, चिकटलेला निघायचा, तोही त्या बाजूला ठेवायच्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"बांगडी वाढली," आई म्हणाली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत.

मांगीबाईंनी सूप खाली ठेवलं. "भाभी," त्या म्हणाल्या, "तुम्हारे यां गाना जोर से बजता है ना, तो अपन समझ जाते हैं. सारी गली समझ जाती है."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मीही. इतकी वर्षं जे झाकायला गाणं लागायचं, ते त्या गाण्यामुळंच घराघरांत पोचत होतं. गल्लीत एकही माणूस असा नव्हता ज्याला माहीत नव्हतं. आईचं तोंड लाल झालं, लाजेनं की संतापानं, मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, संतापानं.

"समझ जाते हो, तो आते क्यों नहीं?" आईनं विचारलं.

मांगीबाई कागदावरची काच बोटानं गोळा करत म्हणाल्या, "कैसे आते? गाना सुनने को तुमने कभी बुलाया नहीं."

"तो अब बुला रही हूँ," आई म्हणाली. "गाना लगे, तो आ जाना. सबकी सब आना."

आणि तिनं उठून चहा टाकला.

भोपाळचा कागद दोन-तीन दिवस आला नाही. मग आला. गहू अजून खोलीतच होता. बाबांनी बटण दाबलं, आवाज गल्लीत धडकला, त्यांनी आईच्या केसांत हात घातला, आणि मागचं दार उघडलं. मांगीबाई सूप घेऊन आत आल्या. त्यांच्या मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी, पुढच्या दारानंही दोघी. कुणाच्या हाताला कणीक होती, कुणाचा पदर ओला होता. कुणी काही विचारलं नाही. चादरीवर गोल बसल्या, गहू पुढे ओढला आणि पाखडू लागल्या. आईचे केस अजून बाबांच्या मुठीत होते.

"चलने दो भाईसाब," मांगीबाई खालच्या मानेनं म्हणाल्या. "अपन भी सुन रिये हैं."

"ये क्या तरीका है?" बाबा म्हणाले.

"गेहूँ है, भाईसाब. बीनना तो पड़ेगा."

बाबांची मूठ हळूहळू सुटली. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मशीनपुढे, सुपांच्या फटफटाटात ते उभे होते आणि त्यांना बसायला जागा नव्हती. ते बाहेर निघून गेले. बायकांनी बाजू संपेपर्यंत ऐकली. एकीनं विचारलं, ही गाणारी इतकी रडते का म्हणून. आई हसली. तिच्या ओठाची खपली फाटली तरी हसली.

एका फटक्यात माणूस सुधारतो, अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पुढल्या वेळी बाबांनी मांगीबाईंना ढकललं. त्या कोठीवर जाऊन आदळल्या, दातातून रक्त आलं. मग त्या उठल्या आणि सुपाच्या कडेनं बाबांच्या मनगटावर असा फटका हाणला की हाड वाजलेलं मी ऐकलं. बाबांनी दुसरा हात उचलला तर बाकीच्या सगळ्या उभ्या राहिल्या. बाबांचं मनगट सुजून भाकरीएवढं झालं. कचेरीत त्यांनी सांगितलं, सायकलवरून पडलो. मला ते ऐकून जो आनंद झाला तो मी अजून कुणापासून लपवत नाही. एकदा त्यांनी गाणं न लावताच हात उचलला, पण मग भिंतीपलीकडे नुसता मारच ऐकू गेला, आणि मांगीबाई चहाची कपबशी हातात तशीच घेऊन आल्या. गव्हाच्या कोठ्या भरल्या, सुपं खुंटीला गेली, तरी बायका येत राहिल्या. वैशाखात कैऱ्या चिरायला, नंतर सांडगे घालायला. काहीच नसलं तर नुसत्या रिकाम्या हातांनी.

मी निखिलला एवढं सगळं सांगितलेलं नाही. त्याला माझे बाबा म्हणजे भिंतीवरच्या फोटोतला गाण्याचा शौकीन माणूस एवढंच ठाऊक आहे, आणि तेही खोटं नाही. त्याला व्हॉल्व्हचाच आवडला. गोडवा वेगळाच आहे, म्हणतो. मी म्हटलं, "ठेव. फक्त लावायच्या आधी मला सांगत जा." त्यानं कारण विचारलं नाही. हल्ली आतून हाक मारतो, "आई, लावतोय हं," आणि मी गॅसपाशी जागच्या जागी उभी राहते.

त्या वर्षी वैशाख संपता संपता एका रविवारी मंडळी जमली होती. बाबांच्या मनगटाला अजून पट्टी होती. वकीलकाका सुपारी कातरत म्हणाले, ट्रान्झिस्टरमध्ये मजा नाही राव, आवाज हाडासारखा आहे, गोडवा गेला. बाबांनी घाईघाईनं मान हलवली. म्हणाले, मलाही तेच वाटतं, जुनी पेटी माळ्यावरून काढतोच, आजच काढतो.

"वहिनींचंच खरं होतं," वकीलकाका म्हणाले आणि त्यांनी आत हाक मारली. "वहिनी, या जरा बाहेर. तुमचा कान जिंकला. व्हॉल्व्हचाच लावतोय परत."

आई दारात आली. हात आधी पदराला पुसले. नव्या बांगड्या तिनं घट्ट भरल्या होत्या.

"नको," ती म्हणाली. "हाच राहू द्या. हा लगेच बाहेर ऐकू जातो."

वकीलकाका अडकित्ता हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. बाबांनी मान वर केली नाही.